खांबामागची जागा

८ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच तो. ‘मार्चअखेरपर्यंत तिची समजूत घाल आणि परत पाठव. कंपनीतली जागा मी तोवरच अडवून धरू शकते.’ वर ‘तू थारा दिलास म्हणून हे सगळं झालं’ हेही आहेच. सख्ख्या भाचीला मी माझ्या घरातली रिकामी खोली दिली, तर तो थारा. आणि तू तिला उंबऱ्यात उभी करून ‘लोकांच्या पोरांची नाकं पुसायला तुला एवढं शिकवलं का’ असं विचारलंस, ते काय? ओवाळणं?

मी पार्सल ऑफिस उघडलेलं नाही. तुझी लेक सव्वीस वर्षांची आहे. तिला यायचं असेल तर ती स्वतःच्या पायांनी येईल. मी हे पत्र लिहितेय ते तिला माहीत नाही. तुझा विषय निघाला की ती ताटाकडे बघत बसते आणि मग विचारते, ‘मावशी, मीठ आहे का?’ मीठ समोरच असतं.

तू लिहितेस, ‘शाळा म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.’ अगं, तुला माहीत आहे ती आपली कॉन्व्हेंट. महिन्याच्या गुणांप्रमाणे सिस्टर मुलींना बसवायच्या. मी पहिल्या बाकावर, तू तुझ्या वर्गात शेवटच्या. सिस्टर व्यासपीठावर, आपण खाली रांगेत, हात पाठीमागे, नजर समोर. बोलायचं असेल तर आधी उभं राहायचं. तशा शाळेत तुझ्या लेकीने जन्म घालवावा असं मीही म्हणणार नाही. पण ही तशी नाही.

तिला दुसरीचा वर्ग दिलाय. खोली दिली ती मोडक्या सामानाची कोठी होती. कोणत्याच शिक्षिकेला ती नको होती, कारण मधोमध, जरा मागच्या बाजूला, हा असा रुंद खांब. वरच्या मजल्याचा भार त्याच्यावर, त्यामुळे काढताही येत नाही. नवीन माणसाच्या गळ्यात जुनं लोढणं बांधायची पद्धत सगळीकडे सारखीच. मुख्याध्यापक म्हणाले, ‘अडचण तर होणार, पण तुम्ही तरुण आहात.’ म्हणजे काय? तरुण माणसाला खांबातून आरपार दिसतं?

या मुख्याध्यापकांच्या गळ्यात सदैव शिट्टी असते. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणतात. माणूस वाईट नाही, पण बोलण्याआधी फुंकतो. मार्चअखेरपर्यंत तुझी लेक शाळेत तात्पुरती आहे. मग शाळा ठरवणार, ठेवायची की नाही. म्हणजे तुझा मार्च आणि शाळेचा मार्च एकाच वेळी उजाडणार.

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडण्याआधीचा आठवडा ती रोज त्या खोलीत जात होती. गेली की पहिल्यांदा दारापाशी गुडघ्यांवर बसायची. सात वर्षांच्या मुलाचे डोळे जिथे येतात तिथे स्वतःचे डोळे आणायची आणि बघायची. मग एकेका खुर्चीशी तसंच. सकाळी तिसऱ्या खिडकीतून येणारा उजेड फळ्याच्या उजव्या अर्ध्यावर पडतो आणि अक्षरं नुसती चकाकतात, वाचता येत नाहीत. म्हणून तिने फळा त्या भिंतीवरून काढून लांबट भिंतीवर लावून घेतला.

हे सगळं ती सांगते म्हणून मला माहीत. मी काही तिकडे जात नाही. बत्तीस वर्षं नर्स म्हणून ऑपरेशन थिएटर सांभाळून निवृत्त झाले, ती काय आता पोरांच्या कलकलाटात बसायला?

उत्तर दे. आणि हुकूम नको.

थोरली


२३ जानेवारी

धाकटे,

दोन ओळींचं उत्तर मिळालं. ‘खुर्च्या इकडच्या तिकडे करणं याला काम म्हणत नाहीत’. हे तू म्हणावंस? तुझ्या ऑफिसात तुझं टेबल दारासमोरून खिडकीशी नेलं तेव्हा तू महिनाभर कुणाशी बोलत नव्हतीस. मला अजून आठवतंय. तुझं ते टेबल आणि दुसऱ्यांच्या त्या खुर्च्या.

मी शाळेत जात नाही असं लिहिलं होतं. ते खरंच होतं, फक्त ती डबा विसरली म्हणून एकदा जावं लागलं. आणि एकदा छत्री द्यायला. आणि गेलेच आहे तर जरा बसावं म्हणून बसले, तर त्या छोट्या खुर्चीत अडकले. उठले की खुर्चीही माझ्याबरोबर उठायची. वर्गात एक मुलगी आहे, बोलणं म्हणून थांबत नाही, तिला सगळे टिकटिक म्हणतात. ती ओरडली, ‘बाई, आजींना खुर्ची लागली!’ जखम लागावी तशी. चार जणांनी खुर्ची धरली, दोघांनी मला. सुटले. तुझी लेक हसता हसता भिंतीला टेकली. महिनाभरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही रागावले नाही. फारसं.

आता तुला ती दोरी सांगते. मी काय, माझ्या नोकरीत भलेभले सर्जन पाहिले, पण असा हात आणि असं डोकं एका ठिकाणी क्वचित पाहिलं. तिने फळ्याच्या डाव्या टोकाला दोरी बांधली. ती खांबाच्या कडेला टेकवून मागच्या भिंतीपर्यंत ताणली आणि जमिनीवर खडूने रेघ मारली. मग उजव्या टोकाकडून तसंच. खांबाच्या मागे जमिनीवर पाचरीसारखा एक मोठा तुकडा तयार झाला. त्या तुकड्यात कुठेही बसलं, तर फळ्याचा काही ना काही भाग खांब खातो. खडूच्या रेघेवर तिने पिवळा रंग दिला. तिच्या वर्गाचा पहिला नियम: पिवळ्या रेघेच्या आत कुणी बसायचं नाही.

मग त्या जागेचं काय करायचं? तिथे दप्तरांच्या खुंट्या. तिथे पाण्याचं पिंप, रंगांचे डबे, हात धुवायची बादली. आणि तिथेच तिचं स्वतःचं टेबल. मी म्हटलं, ‘अगं, शिक्षिकेचं टेबल असं खांबामागे? लोक काय म्हणतील?’

‘मावशी, फळ्यावर मीच लिहिते. मला तो दिसला नाही तरी चालेल.’

आणि खांबाच्या पुढच्या बाजूला, फळ्याकडे तोंड करून, तिने जाड सतरंजी टाकली. खांबाला उशा बांधल्या, शेजारी पुस्तकांची बुटकी मांडणी. एखाद्या मुलाला एकटं बसून वाचायचं असेल, रडायचं असेल, नाहीतर नुसतं टेकायचं असेल तर तिथे बसायचं. आता ती वर्गातली सगळ्यात हवीहवीशी जागा झालीय. पाळ्या लावाव्या लागतात. जो खांब कुणाला नको होता, त्याच्यासाठी भांडणं!

माझी एक फजितीही सांगून टाकते, कारण ती दुसऱ्या कुणाकडून तुला कळायला नको. सामानाच्या मांडण्या तिने मुलांच्या कमरेएवढ्या ठेवल्यात, उघड्या, बिनदाराच्या. कात्र्या, मणी, कागद, पट्ट्या, सगळं डोळ्यांसमोर. माझ्या हाताला मुंग्या आल्या. ती बैठकीला गेली होती, तेवढ्यात मी सगळं उचलून शिट्टीसरांनी दिलेल्या लोखंडी कपाटात नीट रचलं, खणांना चिठ्ठ्या लावल्या, कुलूप घातलं. देखणं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी काय झालं? सकाळपासून मुलं रांग लावून उभी. ‘बाई, कात्री.’ ‘बाई, निळा कागद.’ ‘बाई, कात्री परत ठेवायची.’ बिचारी दिवसभर दुकानदारासारखी कपाटाशी उभी. शिकवणार कधी?

तुझी लेक मला काही बोलली नाही. चहा पिताना फक्त विचारलं, ‘मावशी, ऑपरेशनच्या वेळी हत्यारं कपाटात ठेवायचात?’

‘छे! ट्रॉलीवर. उघडी. हाताच्या अंतरावर. जे आधी लागेल ते जवळ.’

‘बरं,’ म्हणाली आणि बिस्किट बुडवलं.

कपाट मी दुसऱ्या दिवशी स्वतः रिकामं केलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आपल्या घराण्यात ही नजर आली कुठून, तर माझ्याकडूनच असणार. तू उगाच श्रेय घेऊ नकोस.

थोरली


१७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या पत्रात एक प्रश्न आहे. इतकी वर्षं हिशेबाच्या वहीसारखी कोरडी पत्रं आल्यावर प्रथमच! ‘खाते-पिते का?’ खाते. तू जे विचारलं नाहीस तेही सांगते. तिच्या उशाशी तुझा फोटो नाही, पण तुझी जुनी मळकी पिशवी ती रोज खांद्याला लावून जाते. मी नवी आणून दिली. तिच्यात आता कांदे ठेवलेत.

होय, मी रोज जाते. झालं समाधान? घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं. मुलांनी माझं नाव सिस्टरआजी ठेवलंय. जन्मभर लोकांनी सिस्टर म्हणून हाक मारली आणि नर्सपणा उतरला तरी नाव काही सुटेना.

मला तुला सांगायचंय ते बाकांबद्दल. तू म्हणतेस तिने रांगा मोडल्या, शिस्त मोडली. मोडलं काहीच नाही. तिच्या वर्गाच्या तीन मांडण्या आहेत आणि त्यांना नावं मुलांनी दिलीत. सगळ्यांनी एका दिशेला तोंड करून बसायचं, ऐकायचं किंवा एकट्याने लिहायचं, ती ‘बस’. चार-चार जणांनी टेबलं जोडून मिळून काही करायचं, ती ‘बेटं’. आणि सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसावेत अशी गोष्टींची, भांडणं मिटवायची मांडणी, तो ‘नाल’, घोड्याचा असतो तसा. काम बदललं की मांडणी बदलते. ही हात वर करून नुसतं नाव सांगते. प्रत्येक टेबलाचे दोन धनी ठरलेले, कुणी कुठून जायचं ठरलेलं. आवाज नाही, धक्काबुक्की नाही. पहिल्या आठवड्यात मात्र खुर्च्यांचा असा कर्कश आवाज व्हायचा, की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या, ‘कुणी पडलं का?’ आता खुर्च्यांच्या पायांना मोजे आहेत. ऑपरेशन थिएटरच्या जुन्या हिरव्या कापडाचे. कुणी शिवले ते विचारू नकोस.

माझ्यासाठी तर एकच गोष्ट बास आहे. दिवस संपला की कात्र्या मोजायच्या ही पद्धत मी तिला सांगितली होती. पोट शिवण्याआधी सगळी हत्यारं, सगळे बोळे मोजायचे, एक जरी कमी असलं तरी टाका घालायचा नाही. मी सहज बोलले होते. तिने ते मुलांना सांगितलं. आता रोज दोन मुलं कात्र्यांची पेटी मोजतात, तिसरं झाकण धरून उभं असतं, आणि मोजणी जुळली की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘पोट शिवा!’ मग झाकण लागतं. परवा एक कात्री कमी आली. कुणी घरी जायला तयार नाही. शाळेची घंटा होऊन गेली, आया दारात ताटकळल्या. शेवटी शिट्टीसरांच्या खिशात सापडली. त्यांनी पाकीट फोडायला नेली होती. टिकटिक त्यांना म्हणाली, ‘सर, पेशंट मेला असता.’

माझी सगळी नोकरी सात वर्षांच्या मुलांच्या तोंडी ऐकली, धाकटे. शस्त्रक्रिया विभागाने निरोपाच्या दिवशी दिलेल्या घड्याळापेक्षा हे मला जास्त भिडलं.

भिंतींचंही ऐक. बाकी वर्गांच्या भिंतींवर विकतचे तक्ते, इंच रिकामा नाही. हिच्या एका भिंतीवर सुरुवातीला काही नव्हतं. शिट्टीसर म्हणाले, ‘पुसल्यासारखी दिसते.’ ही म्हणाली, ‘सर, मुलांनी अजून काही केलेलं नाही. केलं की लावू.’ आता ती भिंत भरत आलीय आणि प्रत्येक कागद मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. मला वाचायला वाकावं लागतं. लागू दे.

पण आता काळजीचं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाळेची समिती वर्ग बघायला येणार. शिट्टीसरांनी हिला बोलावून सांगितलं, ‘त्या दिवशी सरळ रांगा हव्यात. टेबल फळ्यासमोर. तक्ते लावा. समितीला तुमचं हे फर्निचरचं नाटक कळणार नाही आणि तुम्हाला कायम करायची सही त्यांची आहे.’

मी म्हटलं, भांड. ती म्हणाली, ‘रांगा तर आमच्याकडे आहेतच, मावशी. तक्तेही लावीन. टेबल मात्र हलणार नाही.’

‘का?’

‘ते तिथून हललं की ती जागा रिकामी होईल. रिकामी झाली की कुणीतरी तिथे मुलाला बसवेल.’

आवाज चढवला नाही. पण हनुवटी अशी काही वर केली, की मला क्षणभर वाटलं तूच समोर बसलीयस.

समिती नाही म्हणाली, तर ती तुझ्याकडे येईल असं समजू नकोस. आणि हो म्हणाली, तर अजिबातच येणार नाही. तेव्हा तूच काय ते ठरव. निदान एकदा येऊन बघ. बघायला पैसे पडत नाहीत.

थोरली


६ मार्च

धाकटे,

समिती काल येऊन गेली. मी कोपऱ्यात कात्र्यांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा सगळं डोळ्यांनी पाहिलंय आणि कानांनी ऐकलंय. ऐकलं त्यातलं एक असं आहे, की मी काल तुला पत्र लिहायला बसले आणि लिहू शकले नाही. क्रमाने सांगते.

तिघं आले. अध्यक्षीणबाई, वय माझ्याहून जास्त, हातात काठी, कानात यंत्र. एक कोटवाले गृहस्थ. एक जण नुसतेच मान हलवणारे. मागे शिट्टीसर, घामाघूम. वर्ग रांगेत. मुलं इतकी शांत, की मलाच भीती वाटली. शिट्टीसर हसून म्हणाले, ‘दुसरीचा वर्ग. शिस्तीत.’

तेवढ्यात टिकटिक उठली. ‘बाई, आज किती वेळ बसमध्ये बसायचं? गाडी कुठे जातच नाहीये.’

कोटवाले म्हणाले, ‘कसली बस?’

मग काय! ती पोरगी समजावून सांगायला लागली. ही बस, बाई ड्रायव्हर, आपण प्रवासी. बेटं अशी, नाल असा. शिट्टीसर तिला खाली बस, खाली बस करताहेत. अध्यक्षीणबाईंनी काठी आपटली. ‘बोलू द्या हो तिला. मला ऐकायला येतंय, म्हणजे मोठ्याने बोलतेय. चांगली सवय आहे.’ आणि तुझ्या लेकीला म्हणाल्या, ‘करून दाखवा.’

हिने हात वर केला. ‘बेटं.’

शिट्टीसरांनी सवयीने शिट्टी तोंडाशी नेली, पण ती फुंकायच्या आत टेबलं जागेवर होती. हिरवे मोजे घातलेले ते खुर्च्यांचे पाय, एक आवाज नाही. मान हलवणाऱ्यांची मानसुद्धा थांबली.

कोटवाले हार मानणारे नव्हते. ‘पण मुलं एकमेकांकडे तोंड करून बसली, तर गप्पाच मारणार.’

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ‘आपल्या बैठकीत तुम्ही सगळे माझ्याकडे तोंड करून बसता. कामाचं कोण बोलतं?’

मला ती बाई फार आवडली.

मग त्या काठी टेकत खांबामागे गेल्या. ‘आणि तुमचं टेबल इथे का लपवलंय? नि ही पिवळी रेघ कसली?’

हिने सांगितलं. दोरी, खांब, फळा. ‘या रेघेच्या आत बसलं, तर फळ्याचा एक भाग दिसत नाही.’

‘हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं?’

‘नाही. आईने.’

धाकटे, मी पेटी घट्ट धरली.

ती सांगत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, ‘माझी आई लहानपणी एका वर्गात पूर्ण वर्ष खांबामागे बसली. तिला फळ्याचा डावा भाग दिसायचा. गणित दिसायचं, उत्तर दिसायचं नाही. उत्तर नेहमी खांबामागे जायचं. तिला वाटायचं, सगळ्यांनाच एवढंच दिसतं आणि बाकीच्या मुली उरलेलं मनाने करतात, आपल्यालाच जमत नाही. विचारायचं तर उभं राहावं लागायचं, म्हणून तिने विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपुस्तकावर लिहून आलं, गणितात मंद. मला पाढे येत नव्हते आणि मी रडत होते, तेव्हा आईने मला हे सांगितलं. ती म्हणाली, तुला येत नसेल तर आधी बघ, तुला दिसतंय का. म्हणून मी कुठल्याही खोलीत गेले की आधी खाली बसून बघते.’

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, ‘तुमच्या आई आता काय करतात?’

‘एका मोठ्या कंपनीचे सगळे हिशेब बघतात.’ आणि वर, ‘त्यांचा एक पैसा चुकत नाही.’

जे ऐकलंय ते लिहिलंय. त्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही. तिच्या तोंडून तुझ्याबद्दल इतकी वाक्यं सलग मी या घरात कधी ऐकली नव्हती. सगळी अभिमानाची होती.

मी रात्रभर आठवत राहिले. तो वर्ग मला माहीत आहे. तुझ्या आधी दोन वर्षं मी त्याच वर्गात होते. पूर्ण वर्ष. पण मला तिथे खांब होता हेच आठवेना. आठवणार कसा? तो माझ्या पाठीमागे होता.

त्या सिस्टर आज हयात असत्या, तर मी टॅक्सी करून गेले असते आणि त्यांना त्या खांबामागे वर्षभर बसवलं असतं, हात पाठीमागे, नजर समोर. एका मुलीचं डोकं मंद म्हणायला त्यांना एक ओळ पुरली आणि तिची खुर्ची चार हात सरकवायला वर्ष पुरलं नाही!

जानेवारीत मी लिहिलं होतं, ही नजर आपल्या घराण्यात माझ्याकडून आली. खोडून टाक ते.

तू म्हणतेस, तिने तुझं शिक्षण, तुझं घर, तुझा शब्द, सगळं टाकून दिलं. तिने काहीच टाकलेलं नाही, बाई. तू तिला सांगितलेल्या एका गोष्टीवर तिने सगळा वर्ग उभा केलाय. तिथली प्रत्येक खुर्ची तुझ्यामुळे तिथे आहे.

समितीचा निर्णय यायचाय. तुझी मुदतही संपत आलीय. मी तिला यातलं काही बोललेले नाही आणि तुला आता समजावणारही नाही. फक्त ये.

थोरली


२८ मार्च

धाकटे,

तू एक नंबरची लबाड आहेस.

मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले होते नेमक्या त्या सकाळी तू यावंस, शाळेत जाऊन बसावंस, आणि माझ्या दारावरून परत जावंस? चहा पाजला असता की! इतके महिने पत्रं लिहून माझा अंगठा सुजला, त्याची ही किंमत?

मला सविस्तर कळलं ते टिकटिककडून. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं तर ती धावत आली. ‘सिस्टरआजी, काल तुमच्यासारख्या एक आजी आल्या होत्या! पण छान साडी नेसलेल्या.’ (मी हे मनाला लावून घेतलेलं नाही.)

मग तिने सगळं सांगितलं. ते तुला माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण तिच्या नजरेने तू स्वतःला पाहिलेलं नाहीस. तू दारात बराच वेळ उभी होतीस. बाई फळ्यावर लिहीत होत्या, वळल्या आणि त्यांच्या हातातून खडू पडला. तू म्हणालीस, ‘चालू दे तुझं.’ तू आधी पिवळ्या रेघेच्या आत जाऊन उभी राहिलीस, तर मुलं ओरडली, ‘आजी, तिथे नाही, तिथे नाही! तिथून दिसत नाही!’ आणि दोघांनी तुझा हात धरून तुला खांबाच्या पुढे आणलं. ज्या मुलाची पाळी होती त्याने जागा सोडली. तू साडी सावरून सतरंजीवर बसलीस, खांबाला पाठ टेकलीस, आणि फळ्यावरचं गणित मोठ्याने वाचलंस. डावीकडून उजवीकडे. उत्तरासकट.

‘मग त्यांनी आम्हाला विचारलं,’ टिकटिक म्हणाली, ‘की तुम्हाला रोज एवढं सगळं दिसतं का? मी म्हटलं, आजी, दिसावं म्हणूनच तर बसवलंय ना आम्हाला!’

मी विचारलं, ‘मग आजी काय म्हणाल्या?’

‘त्यांनी बाईंची पिशवी हातात घेतली आणि खूप वेळ तिचा बंद नीट करत बसल्या.’

तू दिवस संपेपर्यंत थांबलीस असं ऐकते. कात्र्या मोजल्यास, आणि ‘पोट शिवा’ सगळ्यांत मोठ्याने म्हणालीस. हिशेबनीस ना शेवटी.

आदल्या संध्याकाळी तुझी लेक घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, ‘आई आली होती.’ मग तिने दोनदा वाढून घेतलं आणि मीठ एकदाही मागितलं नाही.

काल तुझी चिठ्ठी तिला आली. ‘कंपनीतली ती जागा भरली. एक चांगली मुलगी मिळाली. तुझ्या वर्गात तिसऱ्या खिडकीचं ऊन सतरंजीवर बसलेल्याच्या डोळ्यांवर येतं, पडदा हवा, मोजमाप कळव.’ तिने ती उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली, आणि लगेच मोजपट्टी शोधायला लागली. माझ्या शिवणाच्या डब्यात होती, ती मी लपवली आणि म्हटलं, आधी जेव.

समितीची सही झाली. शिट्टीसरांनी स्वतः येऊन सांगितलं, आणि जाता जाता दबक्या आवाजात विचारलं, ‘सिस्टर, ती दोरी कुठून आणली होती? बाकीच्या वर्गांतही एकदा ताणून बघावी म्हणतो.’ फुंकण्याआधी बोलले. माणूस सुधारतो.

एक राहिलं. तुझा रुमाल खांबाशी राहिला. निळ्या काठाचा, ओला होता म्हणे. तो वर्गाच्या हरवलं-सापडलं पेटीत आहे. मी मागितला, पण टिकटिक देईना. वर्गाचा नियम आहे, ज्याची वस्तू त्याने स्वतः येऊन, ओळख पटवून न्यायची. तेव्हा ये. आणि या खेपेला आधी माझ्याकडे. चहा टाकते.

थोरली